इंझोरीचा जहाजवाला

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक आणि माझ्या एकूण एक पत्रांचे वाचक गुरुवर्य शालिग्रामजी. कामरगावहून बैलगाडीचे धक्के सोसत आलेले प्रमुख पाहुणे दौलतसिंगजी. व्यासपीठावर बसायला तयार नसल्यामुळे ज्यांना दोघांनी धरून बसवले ते माझे थोरले बंधू इंद्रभानदादा. समोर सतरंजीवर बसलेले इंझोरीचे समस्त गावकरी, आणि डाव्या हाताला दाराशी बसलेल्या माताभगिनींनो,

आपण माझ्या खांद्यावर शाल घातलीत, हातात नारळ दिलात आणि चौकटीत बसवलेले मानपत्र वाचून दाखवलेत. मानपत्र फार सुंदर अक्षरात आहे. त्यात मला ‘सागराशी झुंज देणारा इंझोरीचा सुपुत्र’ म्हटले आहे. वाचताना गुरुजींचा आवाज भरून आला आणि माझी मान खाली गेली. आपल्याला तो विनय वाटला असेल. तो विनय नव्हता, मंडळी. त्या वाक्याचे काय करायचे याचा मी विचार करत होतो.

मला सांगण्यात आले आहे की मी जहाजांविषयी आणि चाळीस वर्षांत बदललेल्या शिवडीविषयी चार शब्द बोलावेत. ते मी बोलणारच आहे. पण परवा मी हे गाव सोडून पुन्हा मुलाकडे शिवडीला जातो आहे, आणि या वयात परत येणे होईल असे वाटत नाही. या गावाने एका माणसाला एक विशेषण चिकटवले आहे. ते माझ्यामुळे चिकटले. ते काढल्याशिवाय मला गाडीत बसता येणार नाही.

आधी शिवडी. सन एकोणीसशे आठमध्ये मी तिथे गेलो तेव्हा खाडी अगदी वस्तीला लागून होती. भरती आली की पाणी रस्त्याच्या कडेपर्यंत यायचे, ओहोटीला मैलभर नुसता काळा चिखल. आपल्याकडे पावसाळ्यात वावरात पाय रुततो ना, तसाच. फक्त वास मासळीचा. एका बाजूला मिठागरे, दुसऱ्या बाजूला कोळ्यांच्या झोपड्या, आणि मधे शिडाच्या होड्याच होड्या. त्यांना पडाव म्हणतात. कौले, लाकूड, खजूर, काय वाटेल ते त्यांतून यायचे. दूर खोल पाण्यात आगबोटी उभ्या असायच्या आणि हे पडाव त्यांच्यापर्यंत माल पोचवायचे. कोणता माल? दौलतसिंगजी हसताहेत, त्यांना ठाऊक आहे. कापूस. आपला, वऱ्हाडचा कापूस.

पुढे मोठमोठे दगड आणि मुरूम टाकून सरकारने खाडी बुजवायला घेतली. मी रोज बघत होतो. जिथे पडाव नांगरलेले असायचे तिथे आधी रूळ आले, मग गोदामे आली, मग धुराडी. शिडे कमी होत गेली. कोळी दरवर्षी थोडे पलीकडे सरकले. पूर्वी खोलीच्या दारातून पाणी दिसायचे. शेवटी शेवटी ते बघायला अर्धा कोस चालावे लागे. मला वाईट वाटले का? वाटले. पण त्याच खाडीने मला अन्न दिले, मुलाला शाळा दिली. तिच्याबद्दल कुरकुर करण्याचा अधिकार कोळ्यांचा आहे, माझा नाही.

आता मी तिथे काय करत होतो? हे विचारायची गरज या गावाला कधी पडली नाही. लहान पोरालाही माहीत आहे की जानराव जहाजावर होता.

मंडळी, मी जहाजावर नव्हतो.

बसा, बसा. इंद्रभानदादा, तुम्ही बसा. पाणी द्या त्यांना.

मी जन्मात एकाही आगबोटीवर पाय ठेवलेला नाही. मी एका व्यापाऱ्याच्या गोदामात नमुने काढायला होतो. गाठ फोडायची, मूठभर कापूस ओढायचा, त्यातला पाचोळा वेचायचा, दोन अंगठ्यांत धागा ताणून लांबी बघायची आणि पुढच्या गाठीकडे जायचे. चौतीस वर्षे मी हेच केले.

मग खोटे काहून बोललो? घर सोडले त्या दिवशी आमचे वडील, जगदेवबुवा, बैलांना पेंड घालत होते. ते म्हणाले, “कापसातच राबायचं तं हे वावर काय वाईट हाये बे?” मी विशीतला, डोक्यात वारे भरलेले. मी म्हणालो, “मले कापसाचं तोंड पाहाचं नाही आता. मी जहाजावर जातो.” आणि साडेतीनशे मैल पळून गेल्यावर मुंबईने माझ्या हातात काय ठेवावे? कापूसच. हे कोणत्या तोंडाने वडिलांना कळवणार? म्हणून पहिल्याच पत्रात लिहिले, मी आगबोटीवर लागलो. धक्क्यावरच्या फळ्यांवर आगबोटींची नावे खडूने लिहिलेली असत. त्यातले एक उचलायचे आणि पत्रात घालायचे. गुरुजी ती पत्रे आमच्या ओट्यावर मोठ्याने वाचत. अर्धे गाव जमायचे, असे ऐकतो.

सन सतराच्या भादव्यात मी लिहिले की मी ‘लेडी ऑगस्टा’वर विलायतेला निघालो, तीन महिने पत्र येणार नाही. आणि लबाडी पक्की दिसावी म्हणून खरोखरच तीन महिने पत्र टाकले नाही. मी गोदामात पाचोळा वेचत बसलो होतो. तिकडे लढाई चालू होती. आश्विनात ‘लेडी ऑगस्टा’ बुडाली, आणि आठ दिवसांच्या शिळ्या वर्तमानपत्रात ती बातमी इंझोरीला पोचली. गुरुजी, ती वाचलीत आपणच. आपण मान खाली घालू नका. आपण छापले होते ते वाचलेत.

या गावाने माझा शोक केला. अडाण नदीच्या काठी दर्भाचा पुतळा करून मला अग्नी दिला. दादांनी डोके भादरले. वडिलांनी अंथरूण धरले, ते मी आल्यावरच सोडले. हे सगळे माझ्यावरच्या मायेपोटी झाले.

मग म्हाताऱ्या बायका आमच्या घरच्या मंडळीपाशी आल्या. आज मी तिचे नाव घेतो, उखाण्याशिवाय घेतो: कस्तुराबाई. त्यांनी सांगितले, “कस्तुरा, फोड बाई बांगड्या. पूस कुकू.”

ती म्हणाली, “मी नाही फोडत.”

“काहून?”

“नाही फोडत म्हनलं ना.”

यापुढे एक अक्षर नाही. चारचौघांत रडली नाही, छाती बडवली नाही, भाकरी थापत बसली. दोन महिने तिला कोणी हळदीकुंकवाला बोलावले नाही, विधवांतही धरले नाही. त्यातच कापूस फुटला. आपल्याकडे पहिल्या वेचणीला बायका वावरात सीतादही करतात, दहीभात शिंपडतात आणि मगच बोंडाला हात लावतात. त्या वर्षी आमच्याच वावरात कस्तुराबाईला दह्याला हात लावू दिला नाही. ती धुऱ्यावर, वावराच्या बांधाला उभी राहिली. बाकीच्या वेचून पुढे गेल्यावर, मागे राहिलेली बोंडे वेचायला उतरली.

मार्गशीर्षात मी मूर्तिजापूरहून लहान गाडीने कारंजाला उतरलो आणि तिथून चालत आलो. मला कशाचा पत्ता नव्हता. शिवेवर दादा भेटले. डोक्यावर बोटभर केस. त्यांनी माझा दंड धरून चाचपून पाहिला. “बोट बुडाली, तू कसा वाचला बे?” हाच त्यांचा पहिला शब्द. मंडळी, खरे बोलायची तीच वेळ होती. मी पाहिले, हा माणूस माझ्यासाठी भादरला आहे. मी म्हणालो, “कापसाच्या गाठीवर तरंगत राह्यलो, दोन दिवस.”

ते वाक्य आज चौकटीत बसले आहे. त्या एका वाक्याने मी शूर झालो. आणि कस्तुराबाई? ती निगरगट्ट झाली. नवरा बुडाला तरी जिच्या डोळ्याला पाणी आले नाही, ती. एकोणतीस वर्षे लग्नाच्या पंगतीत ही गोष्ट सांगून लोक हसतात. तिच्यासमोर सांगतात. मीही हसलो आहे.

तिला कसे कळले असेल? मलाही सात वर्षे कळले नाही. वडील गेल्यावर चोविसात मी तिला शिवडीला नेले. पहिल्याच रविवारी ती म्हणाली, चला, दाखवा. धक्क्याच्या टोकाशी उभे राहून तिने लांबवर नजर टाकली. पाच-सहा आगबोटी उभ्या होत्या.

“अवो, यातलं तुमचं कोनतं?”

मी म्हणालो, “आपलं गेलं विलायतेले.”

“बरं,” ती म्हणाली. “मंग सदऱ्याच्या शिवनीत पाचोळा कुठून येते?”

ती आगबोटींकडेच बघत होती. “तुमी पयल्या खेपेले घरी आले, तवाच तुमचे कपडे मी अडाणावर धुतले. शिवनीत कापूस, खिशात पाचोळ्याची चुरी. मी जल्मभर कापूस वेचला. मले म्हनलं, समुद्रावर कोनतं वावर हाये?”

मी एक केविलवाणी कोटी केली. म्हणालो, आमचे गोदाम बुजवलेल्या खाडीवर आहे, म्हणजे एका अर्थी मी समुद्रावरच बसतो. ती म्हणाली, “आता तथी जमीनच हाये ना?”

मी विचारले, मग त्या वेळी गावाला का सांगितले नाहीस? दोन शब्दांत सुटली असतीस. तिचे उत्तर मी जसेच्या तसे सांगतो. “तुमी गावाले एक सांगतलं, मी दुसरं सांगतलं असतं, तं लोक कोनाले हासले असते? मामंजी त्या पत्राच्या भरवशावर ताठ चालत होते. तुमी आले की ते अंथरुनातून उठनार होते, पत्र खोटं निघालं असतं तं कधीच उठले नसते.”

मंडळी, एवढी गोष्ट. आमचे वडील मरेपर्यंत ताठ चालले. ते माझ्या शौर्यामुळे नव्हे.

बेचाळीसात लढाईच्या भीतीने मुंबई रिकामी झाली तेव्हा आम्ही दोघे इथे परत आलो. या चार वर्षांत दादांनी आपल्या भाकरीतली अर्धी आम्हाला दिली आणि कधी बोलून दाखवले नाही. आपण मला शाळेच्या समितीवर घेतलेत, पारावर जागा दिलीत, माझ्या खोट्या गोष्टी पुन्हा पुन्हा आवडीने ऐकल्यात. कापूस स्वच्छ कसा वेचावा हे मी सांगितले तेही ऐकलेत, आणि ते मात्र खरे होते. जहाजवाल्याला कापसातले इतके कसे कळते, असे आपल्यापैकी एकालाही वाटले नाही, ही आपली सज्जनता. या गावाचे उपकार मी फेडू शकत नाही.

काल सकाळी मी कस्तुराबाईला विचारले, “उद्या भाषनात सांगू का?” ती तांदूळ निवडत होती. एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, “सांगा. पन मी रडली नाही असं सांगू नका. रडली मी. रोज वावरात जाऊन रडली.”

मी म्हणालो, “पन तुले तं मालूम होतं मी जिवंत हाये.”

ती म्हणाली, “जिवंत होते म्हनूनच रडली. साऱ्या गावाले पत्र लिहत होते, मले खरं एक बी नाही लिहलं.”

गुरुजी, मला थोडे पाणी द्या.

तर माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली अध्यक्षमहाराजांना. मानपत्रातले ते झुंजीचे वाक्य आपल्याच हाताने खोडावे. अक्षर सुंदर आहे, त्याचे मला वाईट वाटते. दुसरी विनंती दाराशी बसलेल्या मायबहिणींना. येत्या सोमवारी दादांच्या वावरात सीतादही आहे. आमचे जाणे परवाचे ठरले होते. ते मी आठ दिवस पुढे ढकलतो. त्या दिवशी दह्याचे भांडे कस्तुराबाईच्या हाती द्यावे. पहिले बोंड तिने वेचावे, आणि बाकीच्यांनी तिच्या मागून.

आपण सर्वांनी कामधंदा सोडून इतका वेळ ऐकून घेतलेत, दौलतसिंगजी एवढ्या लांबून आले, दादा अजून व्यासपीठावर बसून आहेत, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही उणेअधिक झाले असेल तर ते पोटात घाला. एकोणतीस वर्षांपूर्वी जे झाले त्याची क्षमा मात्र मी आपल्यापाशी मागत नाही, कारण ती देणे आपल्या हाती नाही. जिच्या हाती आहे ती त्या खांबाला टेकून बसली आहे, आणि सवयीप्रमाणे काहीही बोलत नाही. कस्तुराबाई, हे मी तुला पत्रात लिहायला हवे होते. उशीर झाला. आता साऱ्या गावासमोर तोंडी सांगतो, मी कापसात होतो.