मागून येणारा आवाज

गड्याहो, रेडिओ सुधरवला म्हणून बायकोचा राग ओढवून घेतलेला माणूस पाह्यला का कधी? हा बसला तुमच्यासमोर.

नाचणगावच्या घरी माह्या हातानं बनवलेला रेडिओ आहे. त्याच्यात एक खोड होती. शॉर्टवेव्हवर जुनी गाणी लावली, की मागून एक चिनी बाई बारीक आवाजात बोले. दोष रेडिओतल्या मिक्सर नावाच्या भागाचा होता, तो नको ते स्टेशनही आत घेई. मी पाइपाच्या तुकड्यावर तार गुंडाळून कॉइल केली अन् मिक्सरच्या आधी जोडली. बाई गायब!

हिले म्हटलं, "ऐक, कसं साफ येते!"

ही म्हणे, "ते मागचं बोलणं काऊन बंद केलं?"

आमची पोरगी चीनले डॉक्टरकी शिकून राह्यली. मले वाटलं, हिले ती भाषा ऐकाची असन. मी ते चिनी स्टेशनच लावून देलं, खणखणीत.

हिनं घडीभर ऐकलं अन् रेडिओ बंद केला.

"जायच्या आधी पोरगी आतल्या खोलीत दार लावून चिनी पाठ करे. ते मागचं बोलणं तसंच वाटे. आता साफ ऐकलं, तर ही दुसऱ्याच कोणाची पोरगी आहे."