नेटवर न दिसलेली बाई

गड्याहो, परवाची गोष्ट सांगतो. पुण्याले नोकरी करणारी माझी पोरगी सुटीत घरी आलती. दुपारी पडदे ओढून तिनं टीव्हीवर, नेटवरून, एक जुना भुताचा पिक्चर लावला. अंधाराचा सीन आला की चित्र फुटून नुसते करडे चौकोन दिसत.

"बाबा, ह्याले काय भ्यायचं? काहीच तं दिसत नाही!"

यवतमाळात माझं सीडी-डीव्हीडीचं दुकान होतं, तवाची त्याच पिक्चरची डीव्हीडी मी कपाटातून काढून लावली. आता अंधार कसा काळाकुट्ट, अन् त्यात जिन्यावर उभी असलेली बाई साफ दिसली.

पोरगी किंचाळली. तिनं माझा हात गच्च धरला.

"बंद करू का?" मी विचारलं.

"नाही. पण हात नोका सोडू."

शाळेत होती तवा अशीच धरून बसे. मी कायले सोडतो?