शंभर टक्के वाढ

अगं, ऐक तर! आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी लसीच्या रांगेतसुद्धा सह्या गोळा करत होते. माझ्या शेजारी मांडीवर जुळी घेऊन बसलेल्या एका बाईला म्हणाले,

"ताई, बाहेरून आलेल्या भाडेकरूंना काढायचंय. करा सही."

"का हो काका?"

"वर्षात शंभर टक्के वाढलेत!"

"अगोबाई! आधी किती होते?"

"टक्के बघा हो, आकड्यात काय आहे?"

"तरी?"

"दोन."

"आणि आता?"

"चार. असंच चाललं तर दहा वर्षांत आपण उरणार नाही!"

"वाढलेले दोघं बघितलेत कधी?"

"बघायचंय काय? रजिस्टरात आहेत."

"मग हा एक धरा. दुसऱ्याला टोचून आणते."

काकांनी घाईघाईत कागद माझ्या हातात कोंबला आणि बाळ धरलं. तू काय केलं असतंस गं त्या कागदाचं?