शुक्रवारच्या चुका

...चूक झाली तर सांगावी माणसाने, मी कुठे नाही म्हणते, पण अशी हसत हसत? तुम्हाला सांगते, दर शुक्रवारी वर्कशॉपमधला पडदा उजळला की ती परदेशातली बया नमस्कार-चमत्कार करायच्या आधी स्वतःची चूक सांगते. "या आठवड्यात मी पाय उलटा जोडला." खुर्चीचा हो, स्वतःचा नव्हे. तिच्या कॉलेजचा आणि आमच्या कॉलेजचा मिळून प्रकल्प आहे, म्हाताऱ्यांसाठी घडीची खुर्ची. ती आराखडे काढणार, मी आणि माझी मैत्रीण इथे पाइप कापणार, भोकं पाडणार. आणि तिच्याकडे म्हणे काम सुरूच असं होतं, प्रत्येकाने आपली एक चूक सांगायची, बाकीच्यांनी समजूत घालायची नाही, सल्ला द्यायचा नाही, नुसती मान हलवायची. मी तिचं नाव ठेवलं कबुलीबाई. ठेवलं नाव, झालं. मला काय त्याचं?

आमच्या घरात ही पद्धत नाही. आमच्या बाबांनी एकदा बाथरूमचे नळ उलटे बसवले, तेव्हापासून आम्ही गरम पाण्यासाठी निळी तोटी फिरवतो, पाहुणे गारठून बाहेर येतात, आणि बाबा म्हणतात, "कंपनीनेच रंग चुकीचे दिलेत." अशा घरातली मी! माझी पाळी आली की मी आपली म्हणायची, "माझं सगळं ठीक." पाच शुक्रवार ठीक.

पण पाना... पाना म्हणजे माझी मैत्रीण, कायम खिशात पाना घेऊन फिरते म्हणून पाना. तीन वर्षं एक बाक, एक डबा. ती तिसऱ्या शुक्रवारी घसा खाकरून म्हणते, "मी एक पाइप चार बोटं आखूड कापला आणि भंगारात लपवला." आता भंगाराचा डबा माझ्या पायाशी! मला नाही सांगितलं, सातासमुद्रापलीकडच्या कबुलीबाईला सांगितलं. ती तिकडे मान हलवतेय, ही इकडे हलकी होऊन हसतेय, आणि मी मधे खांबासारखी उभी. मग काय, दिवसभर फोनकडे बघून गालात हसणं सुरू. "कोण गं?" "अगं, कबुली." अगं कबुली! नाव मी ठेवलं आणि लाडाने हाक ही मारते. त्यात पुढच्या सहामाहीच्या जोड्यांचा फॉर्म आला. मी तिथल्या तिथे हिचं नाव लिहून दिलं. हिचा रकाना आठवडाभर कोरा. विचारलं तर म्हणे, "बघू." जळफळाट झाला माझा, खोटं कशाला बोलू. पण तोंडाने? मला काय त्याचं?

आणि नेमकी खुर्ची मिटेना. अर्ध्यात येऊन अडते, कंबर धरल्यासारखी. मी लगेच पडद्यासमोर, "आराखडाच चुकलाय." वाटलं, आता चिडेल, मग बघू किती गोड आहे ती. तर म्हणते कशी, "असेल, माझंच चुकलं असेल, पुन्हा मोजते." आणि चार दिवस मोजत बसली हो ती वेडी. इकडे मी गुपचूप पट्टी लावली. डावीकडची भोकं अर्धा इंच खाली. भोकं कुणी पाडली? मी. मग मी ती पट्टी कपाटात ठेवून दिली.

पुढचा शुक्रवार. पाना उठली. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "भोकं चुकलीत हे मला सोमवारीच दिसलं होतं. मी बोलले नाही. माझ्या मैत्रिणीला तिची चूक सांगायची मला भीती वाटते. तीन वर्षं वाटते."

आता नियम काय? मान हलवायची. माझ्यावरच बोलली, आणि मीच मान हलवतेय!

मग माझी पाळी. "माझं सगळं..." इथपर्यंत आले आणि पट्टी ठेवलेलं कपाट दिसलं. म्हटलं, "भोकं मी चुकवली. मला माहीत होतं, तरी पडद्यावरच्या हिला चार दिवस मोजायला लावलं. आणि तुमचं दोघींचं जमतं ते मला बघवत नाही." बोलले आणि थांबले, वाटलं कुणीतरी जवळ घेईल, "असू दे गं" म्हणेल. कसलं काय, दोघी मान हलवतायत. मग कबुलीबाईने हात चोळले, "चला, नवीन भोकं कुठे पाडायची?" झालं. खुर्ची त्या दिवशी मिटली.

संध्याकाळी पानाने रकाना भरला. मी मान वाकडी करून वाचलं. तिघींचा गट चालतो म्हणे. आधी कबुलीचं नाव, खाली माझं. म्हटलं, "असं का?" तर म्हणे, "उंचीप्रमाणे लिहिलीत." पडद्यावर आम्हाला ती कमरेच्या वरची तेवढीच दिसलीय आजवर!

मला काय त्याचं... शुक्रवारी सांगेन.