टॅग राजूचा आहे

लिनक्स सोपं आहे म्हणता न तुमी, तर आयका. प्लांटच्या कॉलनीत, सेक्टर दोनच्या क्वार्टरात, बाबांचा कॉम्प्युटर अपडेटनंतर काळा पडला. मी फोनवर म्हणलो, "ग्राफिक्स कार्डच्या फर्मवेअरची फाईल राहिली असन. हात लावू नका, मी येतो."

बाबा प्लांटातले जुने फिटर. तिथं दुरुस्तीले बंद केलेल्या मशीनवर ज्याच्या नावाचा टॅग, तोच तो काढतो; तोवर मशीनले दुसरं कोणी हात लावत नाही. बाबांनी मॉनिटरवर माझ्या नावाचा लाल टॅग बांधला.

मी गेलो तो थेट त्यांच्या तेरवीले. फाईल टाकली, पाच मिनिटांत स्क्रीन आली. समोर माझ्या पोरीचा फोटो.

आई म्हणाली, "शेजारचे साहूजी ठीक करून देत होते. यायनं हात नाही लावू देल्ला. म्हणे, टॅग राजूचा आहे, राजूच काढन."