तीन मिनिटांची भट्टी

...आणि वर मलाच विचारतात, लाइल, नवी का बसवत नाहीस? अहो, भट्टी म्हणजे काय बूट आहेत, चावायला लागले की बदलले? तुम्हाला सांगतो, ज्या दिवसापासून ती रुसली त्या दिवसापासून गाड्यांच्या या अख्ख्या तळावर एक माणूस माझ्याशी धड बोललेला नाही, सगळे फक्त सल्ला देतायत. माझी मोटारहोम, म्हणजे चाकांवरचं घर, सत्त्याऐंशी सालची, तिच्या पोटातली घर गरम ठेवणारी गॅसची भट्टी सत्त्याऐंशी सालची, आणि पहिल्यापासून माझं म्हणणं एकच आहे. म्हातारी झालीय, मेलेली नाही.

झालं काय, ऑक्टोबर लागला. वायोमिंगचा ऑक्टोबर, म्हणजे सकाळी आमच्या कुत्र्याच्या भांड्यातलं पाणी चाटायचं नाही, फोडायचं. मी बटण फिरवलं. पंखा सुरू झाला, ठिणगी टक टक टक, गॅस फुस्सकन पेटला, पायाशी अशी मस्त गरम हवा आली की मार्लिसनं, म्हणजे माझ्या बायकोनं, लोकरीचे मोजे काढून ठेवले. आणि बरोबर तीन मिनिटांनी ज्योत गेली. पंखा मात्र चालूच, आता गार हवा ओततोय पायावर. मार्लिसनं मोजे घातले. थोड्या वेळानं भट्टी परत पेटली, मार्लिसनं मोजे काढले, तीन मिनिटं झाली, ज्योत गेली. चौथ्यांदा तिनं मोजे काढले नाहीत. फक्त माझ्याकडे बघितलं.

आता मार्लिस ओरडत नाही. ओरडली असती तर परवडलं असतं. ती कपातली कॉफी ढवळत म्हणते, "लाइल, शुक्रवारी रात्री पारा पार खाली जाणार आहे. तोवर ही चालली तर आपण राहू. नाही चालली तर मी शुक्रवारी सकाळी ओमाहाला जीनकडे जाणार, गाडी विकायची, आणि तूही यायचं. जीनचं तळघर रिकामंच आहे."

जीन म्हणजे तिची बहीण. आणि तळघर म्हणजे... मी बघितलंय ते तळघर. एक खिडकी, तीही छताजवळ, त्यातून शेजाऱ्याच्या गवत कापायच्या मशीनची चाकं दिसतात. नऊ वर्षांपूर्वी राहतं घर विकून आम्ही चाकांवर राहायला आलो ते कशासाठी? सकाळी पडदा सरकवला की समोर काय असावं ते आपण ठरवायचं म्हणून. कधी डोंगर, कधी तळं, कधी नुसतंच दुसऱ्याच्या गाडीचं ढुंगण, पण आपण निवडलेलं. आणि ते सोडून मी जीनच्या नवऱ्याच्या व्यायामाच्या सायकलीशेजारी झोपू? का, तर भट्टी तीनच मिनिटं चालते? मी म्हटलं, मार्लिस, म्हातारी झालीय, मेलेली नाही. ती म्हणाली, "शुक्रवार."

तर सोमवारी मी वह्या काढल्या.

वह्यांचं सांगायला हवं. या गाडीला मी हात लावला आणि लिहून ठेवलं नाही असं झालेलं नाही. कुठला स्क्रू, किती पीळ, हवा कशी होती, मार्लिस काय म्हणाली. एकतीस वह्या आहेत, जाड पुठ्ठ्याच्या. आठ वर्षं त्या खोक्यांत भरून न्हाणीत ठेवल्या होत्या, आंघोळ करायची तर आधी खोकी बाहेर. शेवटी मार्लिस म्हणाली, "एक तर वह्या भिजतील नाही तर मी पारोशी राहीन, तू निवड." मग या मे महिन्यात मी भट्टीला लागून जो कोनाडा आहे, नुसती एक जाळी होती तिथे, जागा फुकट जात होती, त्यात फळ्या मारल्या. एकतीसच्या एकतीस वह्या अशा बसल्या की बोट शिरणार नाही. वरून पट्टा आवळला, वळणावर पडायला नकोत. इतकं नेटकं काम मी आयुष्यात केलेलं नाही.

बरं, वही बघून मी भट्टीचं बाहेरचं झाकण उघडलं. आता आमच्या तळावर एक रिवाज आहे. कुणी गाडीचं कुठलंही झाकण उघडलं की पाच मिनिटांत माणसं घडीच्या खुर्च्या घेऊन हजर. मदतीला नाही, बघायला. सगळ्यात पुढे डेलबर्ट, शेजारच्या गाडीतला, तीस वर्षं पाइपलाइनवर वेल्डिंग केलेला माणूस. खुर्ची मांडली, थर्मास उघडला, मांडीवर कुत्रं घेतलं आणि म्हणाला, "बॅटरी."

मी म्हटलं, "बॅटरी मोजली, चांगली आहे."

"मग गांधीलमाश्या. धुराड्यात घर केलं असणार."

"बघितलं. नाही केलं."

"मग उंदीर."

"डेलबर्ट, उंदीरही नाही."

"मग लाइल," कॉफी फुंकत म्हणतो, "तूच असणार."

हसली की सगळी खुर्च्यांवरची मंडळी. हसा म्हटलं.

मग एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. तिकडून अगदी झोपेतून उठल्यासारखा आवाज, "मॉडेल कुठलं म्हणालात? सत्त्याऐंशी? अहो, माझा जन्म त्याच्यानंतरचा." मी म्हटलं, मग तुम्हाला तिच्याबद्दल आदर असायला पाहिजे. तो म्हणाला, "साहेब, तिला जाऊ द्या आता." जाऊ द्या? डॉक्टर तरी असं म्हणायच्या आधी नाडी बघतो हो. मी फोन ठेवला आणि वहीत लिहिलं, याला परत फोन करायचा नाही.

मंगळवारी मी एक बटण बदललं, फिरवायचं नव्हे, आतलं. भट्टीत एक छोटं गोल बटण असतं, आतलं फार तापलं की ते ज्योत तोडतं. मला वाटलं तेच घाबरट झालंय. कोणत्या तारा कुठे जातात ते बघायला नऊ वह्या काढून टेबलावर पसरल्या, जुनं बटण काढलं, नवं लावलं, सुरू केली... आणि चालली. अकरा मिनिटं. मार्लिसनं मोजे काढले, वर माझ्या पाठीवर थाप मारली. मी खुशीत सगळं आवरलं, मी पसारा ठेवणारा माणूस नाही, वह्या जागच्या जागी, पट्टा आवळला. परत लावून बघतो तर तीन मिनिटं. लिहून ठेवलं : नवं बटणही आळशी निघालं.

बुधवारी मी तिला अख्खी उतरवली. पंख्यातून कुत्र्याचे इतके केस निघाले की त्यातून दुसरं कुत्रं झालं असतं. वारा लागला की उचलली जाणारी नखाएवढी पट्टी असते, ती घासली. गॅसची नळी बघितली, तारा बघितल्या, सगळं पुसून परत बसवलं. डेलबर्ट म्हणाला, "लाइल, चार स्क्रू उरलेत." मी म्हटलं ते जादाचेच होते. तीन मिनिटं.

गुरुवारी सकाळी मार्लिसनं बॅग काढली. स्वेटरांच्या घड्या घालायला लागली. मला काय सुचलं कुणास ठाऊक, मी म्हटलं, मार्लिस, नऊ वर्षांत आपण थंडीत झोपलोय ते फक्त चार वेळा. तिनं घडी थांबवली.

"चार?"

"चार. लिहिलेलं आहे."

"दाखव."

मी म्हटलं, मी खोटं लिहीत नाही. ती म्हणाली, "दाखव, लाइल." आणि उठली, पट्टा सोडला आणि एकतीसच्या एकतीस वह्या पलंगावर आणून ओतल्या. कोट घालून, टोपी घालून बसली वाचत. मी इकडे सवयीनं बटण फिरवलं, होऊ द्या म्हटलं तीन मिनिटं, शेवटची असतील.

ती वाचत होती. "सात जून. मार्लिस चिडली. टोस्टर." पान उलटलं. "दोन ऑगस्ट. मार्लिस चिडली. कारण कळलं नाही." टोपी काढली. "हे काय, लाइल? 'मार्लिसला पाना पकडायला दिला. नीट पकडला. माझ्यापेक्षा नीट.' हे तू मला कधी सांगितलं नाहीस." मी म्हटलं, लिहिलं होतं ना. तिनं कोट काढला. "बारा वेळा थंडीत झोपलोय आपण, चार नाही." मी म्हटलं, थंडीला कंटाळून मोटेलात पळालो त्या रात्री धरायच्या नसतात. तिनं स्वेटर काढलं. मग मोजे.

मग ती माझ्याकडे बघून म्हणाली, "लाइल, किती वाजले?"

चाळीस मिनिटं झाली होती. भट्टी गुरगुरत होती, मांजरासारखी.

मी काय केलं असेल? तुम्ही काय केलं असतं? मी म्हटलं, बघितलंस, म्हातारी झालीय, मेलेली नाही, आणि खुशीत वह्या उचलून फळीवर लावल्या, पट्टा आवळला. तीन मिनिटांनी ज्योत गेली.

मार्लिस उठून त्या फळीसमोर येऊन उभी राहिली.

"लाइल. परत काढ."

काढल्या. थोड्या वेळानं पेटली, आणि पेटलेली राहिली.

"आता ठेव."

ठेवल्या. विझली.

"त्या वह्यांच्या मागे काय आहे?"

मी म्हटलं, काही नाही, नुसती एक जाळी.

आणि म्हणता म्हणताच माझ्या डोक्यात उजेड पडला हो. भट्टी त्या जाळीतून श्वास घेते. खोलीतली हवा आत ओढायची, तापवायची, बाहेर सोडायची. आणि मी मे महिन्यात तिच्या नाकावर एकतीस वह्या बांधल्या होत्या, बोट शिरणार नाही अशा. कोंडलेली बिचारी तापायची, आणि ते बटण इमानानं ज्योत तोडायचं. म्हणजे तिला कसं जपायचं ते मी ज्यात लिहून ठेवलं होतं, त्यानंच तिचा जीव घुसमटवला होता. मार्लिसनं मेची वही उघडून मोठ्यानं वाचलं, "तेवीस मे. फळ्या मारल्या. आता कशाचीच काळजी नाही." आणि इतकी हसली, इतकी हसली की डेलबर्ट खुर्ची घेऊन आला.

तर ओमाहा रद्द. शुक्रवारी रात्री बाहेर सगळं गोठलं आणि आम्ही आत अनवाणी. गाडी विकायचं नाव नाही. राहिला प्रश्न वह्यांचा. मी साफ सांगितलं, एक पान फेकणार नाही. मार्लिस म्हणाली, न्हाणीत ठेवायच्या नाहीत. आता चाकांवरच्या घरात तिसरी जागा कुठून आणू? गादीखाली घातल्या, माझ्या बाजूच्या. माझी बाजू वीतभर उंच झालीय, नाक छताला लागतं, कूस वळलो की मी घरंगळत मार्लिसच्या अंगावर, ती मला वर ढकलते, असं सकाळपर्यंत. पाठ अशी धरलीय की काल मला उठताच येईना. डेलबर्टनं दार वाजवून विचारलं, "लाइल दिसला नाही सकाळपासून, आहे ना?"

आणि आतून मार्लिस म्हणते कशी, "म्हातारा झालाय. मेलेला नाही."