बिनमातीचा पालक

पार्बताबाई : हात नोको लावू वं त्याले. आधीच मान टाकली त्या पालकानं.

रागिणी : मी मान नाही, मुळं पाहून राहिली, आई. हे पाहा ना, झाकण उचललं का खाली कशी तपकिरी दिसते. अन् वास येते. मागच्या वेळी बी असंच झालतं.

पार्बताबाई : वास तं येईनच. वाफ्यात जरा पानी थांबलं तं आमचा जीव वरखाली होये, अन् तू तं त्याले जन्मल्यापासून पान्यातच उभं केलं.

रागिणी : जगते पाण्यात. माया मैत्रिणीच्या, जेबाच्या घरी अमरावतीले मी डोळ्यानं पाहिलं. असाच कपडे भिजवाचा टब, असंच थर्माकोलचं झाकण, झाकणाले भोकं अन् भोकात चहाचे कप. कपात माती नाही, नारळाचा भुसा. पाण्यात खताचं औषध टाकलं का झालं. तिचा पालक पानं तोडून तोडून संपत नव्हता. मी तिले सकाळी फोन केला, तिनं सगळं विचारलं. ऊन किती येते, औषध किती टाकतं, पाणी कवा बदलतं. म्हणे तुझं काहीच चुकत नाही, मग सडून कसं राहिलं?

पार्बताबाई : दृष्ट लागली असन. त्या समोरच्या दुर्गाबाईनं पाहिलं होतं खिडकीतून.

रागिणी : दुर्गाबाईले इतक्या दुरून काही दिसत नाही, आई. त्याईले जवळचं बी दिसत नाही.

पार्बताबाई : मले तं पयल्या दिवशी वाटलं तू मासे पाळून राहिली. ते बुडबुड करनारं यंत्र मासेवाल्याच्या दुकानातूनच आनलं ना तू? मी म्हनलं, चला, मळ्याच्या घरात सून आली अन् मासे घेऊन आली.

रागिणी : हसा, हसा. मी कोणासाठी केलं ते तुमाले माहीत आहे.

पार्बताबाई : माहीत हाय, माय. म्हनून तं हसून राहिली. नाहीतं रडूच येते.

रागिणी : मामाजींनी बॅग खरंच भरली?

पार्बताबाई : खाटेखाली ठेवली. दोन धोतरं, एक सदरा, अन् विळा. विळा काहाले लागते म्हना तिथं? वावरात कापाले काय उभं हाय? रविवारी सागर बडनेऱ्याले ड्युटीवर जाईन, त्याच्याच संगं निघतो म्हनते. तो बडनेऱ्याले उतरीन, हे तसेच पुढं आपल्या गावाले, धामनगावले जातीन.

रागिणी : तुमी अडवा ना त्याईले.

पार्बताबाई : मी अडवलं तं भांडन होईन, अन् भांडनात ते जास्त लवकर जातीन. तुले सागरनं सांगितलं का नाही मले माहीत नाही. इहीर आटली ना, तवापासून हे दिवसभर तिच्या काठावर बसून राहे. जेवाले बोलावलं तं येये, जेवलं का परत तिथं. नुसतं खाली पाहात. अर्धं गाव कुठं कुठं निघून गेलं, बोलाले मानूस नाही. अन् आपल्या भागात काय चालू हाय ते तू पेपरात वाचतंच. मले भेव वाटे, रागिणी. रातच्याले उठून मी यायचा हात चाचपत जाये, हाय का नाही म्हनून. शेवटी मीच सागरले म्हनलं, ने बापा आमाले अकोल्याले.

रागिणी : एवढं मले कोणी सांगितलं नव्हतं.

पार्बताबाई : आता सांगितलं. तुया टबाजवळ ते पयल्या हप्त्यात दिवसभर बसत होते, पाह्यलं ना? कोंब निघाला तं मले हात धरून दाखवाले आनलं. मी मनात म्हनलं, जमलं. अन् मंग ते सडलं. तवा म्हनले, बिनमातीचं नाही जगत, सागरची माय. ना झाड, ना मानूस. त्याच्या दुसऱ्याच दिवशी बॅग काढली.

रागिणी : म्हणून तं मी घाईनं दुसऱ्यांदा लावला. अन् याचंही तेच.

पार्बताबाई : रातच्या गारव्यानं होत असन काय? दिवसा बरं दिसते, सकाळी उठलं का मलूल.

रागिणी : गारवा कुठचा अकोल्यात? उलट पाणी कोमट होते. म्हणून तं यंत्र चोवीस तास लागते. त्या बुडबुड्यातून हवा पाण्यात जाते, अन् ती हवा मुळं घेते. नाहीतं गुदमरते ती.

पार्बताबाई : चोवीस तास? मंग रात्री काहून बंद करतं तू?

रागिणी : मी कुठं बंद करते?

पार्बताबाई : रात्री तं ते चूप असते. मी हॉलातच झोपते ना. निजल्यावर जरा वेळ बुडबुड आयकू येते, मंग बंद. मले वाटलं तू येऊन बंद करतं, आमाले झोप लागावी म्हनून. मी तं मनात तुले चांगलं म्हनलं.

रागिणी : आई, सकाळी मी उठते तवा ते चालू असते.

पार्बताबाई : मंग कोन?

रागिणी : हॉलात तुमी दोघंच झोपता.

पार्बताबाई : हे नोको विचारू त्याईले. रागिणी, आयक माय. नोको विचारू.

(गोवर्धन भाजीची पिशवी घेऊन बाजारातून आत येतात.)

गोवर्धन : काय नोको विचारू?

पार्बताबाई : काही नाही. वांगे आनले काय?

गोवर्धन : आनले. बिया जास्त हायत, पन आनले. अन् हा सांबार पाहा, कोथिंबीर म्हनते तो. एका बाईनं मुळासगट आनला होता, माती लागलेला. मी हातात धरून उभाच राहिलो तं ती म्हने, बाबा, घ्याचा तं घ्या, वास काहाले घेता. काय वं पोरी, तुया वाफा काय म्हनते आज?

रागिणी : मान टाकली, मामाजी.

गोवर्धन : टाकनारच. मी तुले सांगितलं होतं. तुई मेहनत वाया गेली याचं वाईट वाटते मले, बाकी काही नाही.

रागिणी : मामाजी, एक विचारू? रात्री या यंत्राचं बटन तुमी बंद करता काय?

पार्बताबाई : रागिणी.

गोवर्धन : हाव, मीच करतो. तुले कसं समजलं? सकाळी तू उठाच्या आंधी चालू करून ठेवतो मी. सांगनार नव्हतो, पन आता विचारलं तं सांगतो. तू अजून मोटर वापरली नाही कधी, म्हनून तुले माहीत नाही. बुडबुड वाजाले लागली का मोटर हवा ओढून राहिली समजाचं. तशीच चालू ठेवली तं जळते. तुई मोटर आतापर्यंत वाचली ते मायामुळं.

रागिणी : बरं केलं.

गोवर्धन : लहान हाय, पन मोटर ते मोटर. इहिरीले बी उपसल्यावर दम द्या लागते, तवा जरा पानी चढते. आता टबाले झरा नसते हे मले कळते, मी काही येडा नाही. पन तो आवाज आला का मी निजूच शकत नाही. हात आपोआप बटनाकडं जाते.

पार्बताबाई : मळ्यातल्या मोटरीचं सांगा तिले. तिले माहीत नाही ते.

गोवर्धन : काय सांगाचं त्यात? लाइन आपल्या मळ्यात रातचीच ये. त्या दिवशी आली, मी बटन दाबलं, वांग्याच्या सऱ्याइकडं चाललो, अन् मागून बुडबुड आयकू आलं. पुऱ्या जिंदगीत त्या इहिरीनं तसा आवाज केला नव्हता. मले वाटलं पाइपात काही अडकलं. धावत आलो तवर धूर. जळलेली मोटर तं मंग नवी तार भरूनही आनली. पानी नाही आलं. त्या आवाजाच्या बादमधी पानी आलंच नाही पोरी.

रागिणी : मामाजी, जरा इथं बसा. टबाजवळ.

गोवर्धन : काहून?

रागिणी : बसा तं खरं. यंत्र चालूच आहे. आता बोट बुडवा. ते यंत्र पाणी ओढून राहिलं काय?

गोवर्धन : नाही ओढत. खालून वर येते काहीतरी.

रागिणी : हवा आहे ती. तुमची मोटर इहिरीतून पाणी बाहेर काढे. हे काही काढत नाही, आत टाकते. हा बुडबुडा म्हणजे पाणी संपल्याचा नाही. पालकाच्या मुळाचा श्वास आहे हा.

गोवर्धन : अन् तो रातभर लागते त्याले?

रागिणी : हाव.

गोवर्धन : पयल्या वेळी बी?

रागिणी : तेव्हाही.

गोवर्धन : म्हंजे बिनमातीचं जगत होतं ते. मीच मारलं.

रागिणी : मामाजी, असं नका म्हणू.

गोवर्धन : मंग कसं म्हनू? जिंदगीभर पालक पिकवला मी, अन् घरातल्या घरात रोज रात्री उठून त्याचा गळा धरला.

पार्बताबाई : तुमी पांघरून घातलं त्याले. लहान लेकराच्या तोंडावरून गेलं, एवढंच. तशी चूक मायेच्याच मानसाच्या हातून होते.

रागिणी : झाडं गेली त्याचं मले काही नाही. बी पुडीभर आहे, उद्या परत टाकीन. तुमी जाऊन राहिले, त्याचं आहे मले. तुमाले इथं करमावं म्हणून मी हे शिकली. मले पालक आवडत बी नाही, मामाजी, सागरले विचारा. मले तुमी घरात पायजे.

पार्बताबाई : आयकलं?

गोवर्धन : आयकलं. म्हातारा झालो, बहिरा नाही झालो.

रागिणी : मग काही बोला ना.

गोवर्धन : बोलतो. आंधी मले हा टब नीट पाहू द्या. ते कोपऱ्यातलं काय हाय? ते सडलं नाही वाटते.

रागिणी : पुदिना. तो चिवट असते. मुळं पाहा, कशी पांढरी आहे अजून.

गोवर्धन : हाव वं. पांढरं सूत. अन् ह्या पालकाची बी एक मुळी नवी फुटून राहिली, हे पाहा बुडाशी. चश्मा दे माया. हाय, जीव हाय यात. खराब पानं खुडून टाक, त्याचा भार नोको त्याले. अन् रागिणी, पानी काहून चूप झालं? मी हात नाही लावला बटनाले.

रागिणी : लाइन गेली. भारनियमन.

गोवर्धन : किती वेळ?

रागिणी : सांगता येत नाही. कधी लवकर येते, कधी दुपार जाते.

गोवर्धन : अन् तवर यायच्या श्वासाचं काय?

रागिणी : जेबा म्हणे लोट्यानं पाणी काढून वरून धार सोडत राहाचं. धारेसंगं हवा जाते आत.

गोवर्धन : मंग उभी काय राहिली? लोटा आन. हा नोको, तोटीचा आन, धार बारीक पडते. सागरची माय, तू ते झाकन धर, कलतं धर. असं. मुळाइवर नोको, बाजूनं. पाहा, बुडबुडे होऊन राहिले.

पार्बताबाई : होऊन राहिले. हात दुखला तं सांगजा, मी करीन.

गोवर्धन : मोट हाकलेला हात हाय हा. लोट्यानं दुखते काय?

पार्बताबाई : रविवारचं सागरले काय सांगू मंग? तो विचारत होता, बाबासाठी जागा धरू काय म्हनून.

गोवर्धन : रविवारी बी जाते काय वं लाइन, रागिणी?

रागिणी : जाते, मामाजी. लाइनले कुठचा रविवार?

गोवर्धन : मंग? टबाजवळ कोन बसन?